बाळ बरं झालं की डोस देऊ

लसीकरणाच्या सत्राला जी बाळं येत नाहीत, त्यांच्या घरी आशाताई जातात. कोरेगाव तालुक्यात हे काम सोपं नाही. उत्तरेला वाठार स्टेशन, दक्षिणेला रहिमतपूर, मधे डोंगराच्या कडेनं विखुरलेल्या वाड्या. घेवड्याची काढणी सुरू झाली की आख्खं घर रानात, दाराला कडी. जिथं माणूस भेटतं तिथं कारणंही ठरलेली: बाळाला सर्दी आहे, बाळाची आई माहेरी गेली आहे, मागच्या डोसला फार ताप आला होता. पण एका कारणापुढं आशाताईंनाही बोलायला सुचत नाही. आजी मांडीवरचं बाळ दाखवते. वर्षाचं होत आलं तरी मान धरत नाही, पाय ताठ, मुठी आवळलेल्या. आणि ती म्हणते, ‘‘आदीच त्येला एवढा तरास हाय. जरा बरं हुंद्या, मग देऊ की डोस.’’

या बोलण्यात माया आहे, म्हणूनच ते खोडून काढणं अवघड जातं. पण त्यातला ‘मग’ कधीच येत नाही. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, दवाखान्यातल्या बोलीत नुसतं ‘सीपी’, हा आठवड्याभरात उतरणारा आजार नव्हे. ती वाढत्या मेंदूला होऊन गेलेली इजा आहे. बाळ जन्मल्याबरोबर रडलं नाही आणि मेंदूला प्राणवायू कमी पडला, बाळ फार आधी जन्मलं, जन्मानंतरची कावीळ मेंदूपर्यंत चढली, किंवा पहिल्या काही महिन्यांत मेंदूज्वर झाला, अशी तिची कारणं असतात. कधी कधी कारण सापडतही नाही. जगभरात हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांना ही अवस्था येते, म्हणजे कुठलाही तालुका यातून सुटलेला नाही.

या मुलांच्या लसीकरणाचा सगळा प्रश्न एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून ती नीट समजून घेऊ. सीपीमधली मेंदूची इजा वाढत जात नाही. भाजलेल्या हातावर व्रण राहतो, हात आखडतोही, पण तिथं आता आग नसते. तसंच हे आहे. मूल वाढतं तसे स्नायू आखडतात, सांधे वाकडे होतात, त्यामुळं दुखणं वाढतंय असं दिसतं, पण मेंदूतली जखम तेवढीच असते. मेंदूचे काही आजार मात्र खरोखर पुढं सरकत जातात: मूल बसायला शिकतं आणि मग बसणं विसरतं, बोलायला लागतं आणि बोलणं हरवतं. लस देताना डॉक्टर थांबून विचार करतात तो या दुसऱ्या गटासाठी. स्थिरावलेली सीपी हे कुठलीही लस नाकारण्याचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेपासून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेपर्यंत याबाबत कुठं दुमत नाही.

तरीही अशा बाळाचं माता व बाल संरक्षण कार्ड उघडून पाहिलं, तर त्यातली रिकामी घरं बरंच काही सांगतात. जन्मतः दिलेल्या बीसीजी, पोलिओ आणि काविळीच्या लसींपुढं तारखा असतात, कारण बाळ तेव्हा रुग्णालयातच होतं. दीड महिन्याच्या रकान्यात निळ्या शाईची तारीख असते. अडीच महिन्यांच्या रकान्यात कधी असते, कधी नसते. साडेतीन महिन्यांपासून खाली कोरं. नवव्या महिन्याची गोवर-रुबेला नाही, दीड वर्षाचा बूस्टर नाही. त्याच घरातल्या थोरल्या बहिणीचं कार्ड पाहिलं तर शेवटच्या ओळीपर्यंत भरलेलं. तेव्हा हे घर लसीच्या विरोधात नाही. ते याच एका बाळापुरतं घाबरलं आहे.

भीतीचं मूळ वेळापत्रकात आहे. आपल्याकडं डांग्या खोकल्याचा अंश असलेली पेंटाव्हॅलंट लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना दिली जाते. बाळानं मान धरायचा काळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यातला, बसायचा सहा ते आठ महिन्यांतला. सीपी असलेलं बाळ जन्मतः पुष्कळदा इतर बाळांसारखंच दिसतं. ते मान धरत नाही हे घरच्यांच्या लक्षात येतं, ते नेमकं डोस चालू असतानाच. लहान बाळांना येणाऱ्या एका विशिष्ट प्रकारच्या झटक्यांची सुरुवातही बहुधा तिसऱ्या ते आठव्या महिन्यात होते. आईला आठवतं: डोस दिला, रात्री ताप आला, आणि त्याच महिन्यात काहीतरी बिघडलं. तिची आठवण खरी असते. तिनं जोडलेला कार्यकारणसंबंध मात्र खरा नसतो.

हे तपासायचं कसं? डेन्मार्कनं ते नकळत तपासून दाखवलं. तिथं १९७० मध्ये डांग्या खोकल्याच्या लसीचं वेळापत्रक बदललं. आधी ही लस पाचव्या, सहाव्या, सातव्या आणि पंधराव्या महिन्यात देत; नंतर ती पाचव्या आठवड्यात, नवव्या आठवड्यात आणि दहाव्या महिन्यात देऊ लागले. लसीमुळं झटके येत असते, तर झटक्यांचं वयही तिच्याबरोबर अलीकडं सरकायला हवं होतं. मेल्किओर या डॉक्टरांनी १९७७ मध्ये दोन्ही काळांतली मुलं पडताळून पाहिली. झटके आपल्या जुन्याच वयात सुरू होत होते. आणि हे झटके वैद्यकाला नवे नव्हते. विल्यम वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं १८४१ मध्ये स्वतःच्या तान्ह्या मुलाला येणाऱ्या अशाच झटक्यांचं वर्णन ‘लॅन्सेट’कडं लिहून पाठवलं होतं. सीपीचं पहिलं सविस्तर वर्णन विल्यम लिटल या शल्यचिकित्सकानं १८६१ मध्ये लंडनमध्ये मांडलं. तेव्हा डांग्या खोकल्याची लस अस्तित्वातच नव्हती.

या भीतीची किंमत एका देशानं मोजलेली आहे. १९७४ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ३६ मुलांवर एक निबंध प्रसिद्ध केला. डांग्या खोकल्याच्या लसीनंतर या मुलांच्या मेंदूला इजा झाली असावी, अशी शंका त्यात होती. वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीनं ती शंका घरोघर नेली. ही लस घेणाऱ्या ब्रिटनमधल्या मुलांचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास घसरलं. पाठोपाठ डांग्या खोकल्याच्या मोठ्या साथी आल्या, लाखाच्या वर मुलं आजारी पडली आणि काही दगावली. या वादाचा एक महत्त्वाचा धागा उलगडायला २००६ साल उजाडलं. ऑस्ट्रेलियातले मेंदुविकारतज्ज्ञ सॅम्युअल बर्कोविक यांनी, लसीमुळं मेंदूला इजा झाली असं ज्यांच्याबाबत मानलं जात होतं अशा १४ रुग्णांची जनुकं तपासली. त्यांपैकी ११ जणांत एकाच जनुकात दोष सापडला. त्या दोषामुळं तान्हेपणीच तीव्र झटक्यांचा आजार सुरू होतो, लस घेतली तरी आणि न घेतली तरी. तापानं पहिला झटका थोडा लवकर आला असेल. आजार मात्र मूल जन्माला येतानाच बरोबर घेऊन आलं होतं. किती आईबापांनी तीस-तीस वर्षं स्वतःला दोष दिला असेल, हे मनात येऊन गलबलतं.

आपल्या भागात आणखी एक गैरसमज आहे, तो पोलिओचा. जुन्या माणसांना पायानं अधू असलेलं कुठलंही मूल दिसलं की त्यांच्या तोंडी ‘पोलिओ झालाय’ हेच येतं. मग शंका येते: थेंब पाजले होते, तरी झाला, तर बाकीच्या लसींचा काय भरवसा? पोलिओत पाय लुळा, सैल पडतो. सीपीत तो बहुतेकदा ताठ होतो. भारतातला जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. थेंबांनी आपलं काम चोख केलं आहे.

थांबायचं कधी, हेही सांगायला हवं, नाहीतर एवढं सगळं सांगणं अर्धवट राहील. डांग्या खोकल्याचा अंश असलेल्या लसीच्या आधीच्या डोसनंतर सात दिवसांच्या आत बाळ बेशुद्ध पडलं, किंवा झटके बराच काळ थांबलेच नाहीत, आणि त्याला दुसरं कुठलंही कारण सापडलं नाही, तर ती लस पुन्हा देत नाहीत. बाकीच्या लसी देतात. झटके सध्या आटोक्यातच नसतील, औषधांचं प्रमाण दर आठवड्याला बदलत असेल, तर डॉक्टर डांग्या खोकल्याच्या लसीचा डोस काही काळ पुढं ढकलतात आणि झटके स्थिरावले की देतात. वेस्टनं वर्णन केलेल्या झटक्यांवर कधी कधी स्टेरॉइडचा मोठा डोस काही आठवडे द्यावा लागतो. अशा वेळी गोवर-रुबेलासारख्या जिवंत विषाणूंच्या लसी थांबवतात आणि स्टेरॉइड बंद झाल्यावर साधारण महिनाभरानं देतात. म्हणून ते औषध चालू आहे किंवा नुकतंच बंद केलं आहे, हे नर्सताईंना आठवणीनं सांगावं. आधीच्या लसीनं जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली असेल तर ती लस टाळायची, पण हे सगळ्याच मुलांना लागू आहे. यादी एवढीच आहे. मान धरत नाही, बसत नाही, वजन कमी आहे, लाळ गळते, झटक्यांचं औषध चालू आहे पण झटके ताब्यात आहेत, यांतलं काहीही लस थांबवण्याचं कारण होत नाही. लवकर जन्मलेल्या बाळाचे डोसही जन्मतारखेपासून मोजलेल्या वयानुसारच द्यायचे. ‘दिवस भरायची’ वाट पाहायची नसते.

या मुलांना लसीची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. सीपी असलेल्या मुलाला धडधाकट मुलासारखं जोरात खोकता येत नाही. छातीचे स्नायू दुबळे, पाठ वाकलेली, गिळताना घास किंवा लाळ श्वासनलिकेत उतरण्याची भीती. साधी सर्दी छातीत उतरते आणि न्यूमोनिया होतो. डांग्या खोकला, न्यूमोकोकस, गोवर, फ्लू हे सगळे याच दुबळ्या जागी घाव घालतात. २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये अमेरिकेत दगावलेल्या मुलांचा अभ्यास झाला. ज्या ३३६ मुलांच्या आधीच्या प्रकृतीची माहिती मिळाली, त्यांपैकी २२७ जणांना आधीपासून काही ना काही आजार होता. आणि त्या २२७ पैकी १४६ जणांचा आजार मेंदू किंवा मज्जासंस्थेचा होता. त्याच वर्षी भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. आपल्या सातारा जिल्ह्यातही पाचगणीच्या एका निवासी शाळेत ती साथ पसरली होती आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं तिचा अभ्यास केला. तेव्हा हा आजार दूरदेशीचा म्हणून सोडून देता येणार नाही.

फ्लूची लस सरकारी वेळापत्रकात नाही, पैसे मोजून घ्यावी लागते. तरीही सीपी असलेल्या मुलासाठी तो खर्च करावा, असं मी ठामपणे म्हणेन. सहा महिन्यांनंतर ती देता येते, पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतरानं दोन डोस आणि पुढं दर वर्षी एक. आपल्याकडं फ्लू पावसाळ्यात वाढतो, म्हणून ती मे महिन्यापर्यंत घेतलेली बरी. न्यूमोकोकसची लस मात्र २०२१ पासून देशभर सरकारी वेळापत्रकात आली आहे आणि फुकट मिळते.

आता प्रत्यक्ष टोचताना काय होतं ते पाहू, कारण आईचा धीर तिथंच सुटतो. पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीत देतात, न्यूमोकोकसची उजव्या मांडीत. ताठर स्नायूंच्या बाळाचा पाय धरून सरळ ओढला की तो आणखी आखडतो, बाळ कमानीसारखं मागं वाकतं, किंचाळतं, आणि सुई कठीण स्नायूत जाते. त्याऐवजी बाळाला आईच्या मांडीवर घ्यावं, कंबर आणि गुडघा दोन्ही वाकवावेत, तळहात मांडीवर ठेवून पाय सैल पडेपर्यंत थांबावं. अर्धा मिनिट लागतो. या बाळांना मोठ्या आवाजानंही दचकायला होतं, म्हणून ओळीत पहिलं बसवून उरकण्यापेक्षा गर्दी ओसरल्यावर घेतलं तर बरं. पायाला प्लास्टर असेल तर दुसरी मांडी चालते. पोलिओ आणि रोटाचे थेंब मात्र बाळाला पूर्ण आडवं ठेवून देऊ नयेत. पाठ थोडी उचलून धरावी, हनुवटी किंचित खाली, थेंब गालाच्या आतल्या बाजूला, एक गिळला की पुढचा. हे सगळं कसब नर्सताईंच्या हातात असतं. आईनं फक्त ‘याला गिळायला त्रास होतो’ एवढं सांगायचं असतं. लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबायचं आणि टोचलेली जागा चोळायची नाही.

तापाची तयारी घरूनच करून जावी. पेंटाव्हॅलंटचा ताप त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो; गोवर-रुबेलाचा आला तर पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान. पॅरासिटामॉलचं प्रमाण बाळाच्या वजनावरून ठरतं. सीपी असलेली मुलं वयाच्या मानानं पुष्कळदा हलकी असतात, त्यामुळं बाटलीवर लिहिलेलं वयानुसारचं प्रमाण त्यांना जास्त होऊ शकतं. केंद्रावर आधी वजन करून घ्या आणि किती मिलिलिटर द्यायचं ते कार्डावरच लिहून घ्या. झटक्यांचं रोजचं औषध त्या दिवशी चुकवू नका. ज्या मुलाला तापात झटके येतात, त्याच्यासाठी खासगी दवाखान्यात मिळणारी कमी ताप आणणारी लस डॉक्टर सुचवू शकतात. ती परवडत नसेल तर तिच्यासाठी अडून बसण्यापेक्षा सरकारी लस वेळेवर दिलेली केव्हाही चांगली. झटका आलाच तर बाळाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चमचा नाही आणि पाणीही नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करा.

पहिल्या दोन वर्षांत ही मुलं निदान आशाताईंच्या यादीत तरी असतात. नंतरची गळती कुणाला दिसतही नाही. पाच-सहा वर्षांचा बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस बहुतेकांना शाळेच्या निमित्तानं मिळते. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, तिचाही मोठा भाग शाळांमधूनच पार पडला. जे मूल शाळेच्या पटावरच नाही, ते अशा वेळी सहज निसटतं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला उचलून एसटीत चढवणं आईच्या कंबरेला झेपत नाही, वडील कामावर, रिक्षाचे पैसे वेगळे. इथं मी घराला दोष देणार नाही. अशा मुलाच्या घरी जाऊन लस देणं हे आरोग्य यंत्रणेचं काम आहे आणि गावानं ते हक्कानं मागायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. पथक येईल त्या दिवशी अशा मुलाचं नाव अंगणवाडीताईंनी पुढं करावं. घरी शिकवायला येणारे विशेष शिक्षक असतील, तर त्यांनीही कार्ड मागून पाहावं. मुलगी असेल तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लसही डॉक्टरांना विचारावी. ‘हिला काय करायचीय’ असं म्हणून ती डावलणं मला फार खटकतं.

चिमणगावच्या जरंडेश्वर कारखान्याच्या परिसरात, किंवा जिल्ह्यात कुठंही, हंगामात ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांतही अशी मुलं असू शकतात. त्यांचं कार्ड गावाकडं पेटीत राहिलेलं असतं. लस कुठल्याही गावात, कुठल्याही सत्राला, फुकट मिळते. कार्ड नसेल तर नवं करून देतात. कोप्यांवर जाणाऱ्या आरोग्यसेविकेला हे ठाऊक असतं, पण लेकरू कोपीच्या आत निजलेलं असलं तर ते तिच्या नजरेस पडायला हवं ना.

आणखी एक बाजू या चर्चेत कायम मागं पडते. लसी सीपी टाळतातही. जन्मानंतर होणाऱ्या सीपीचं एक मोठं कारण मेंदूज्वर आहे. हिब आणि न्यूमोकोकस या जिवाणूंचा मेंदूज्वर पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकसची लस रोखतात, लहान मुलांना होणारा क्षयाचा मेंदूज्वर बीसीजी रोखते, गोवरानंतरची मेंदूची सूज गोवराची लस टाळते. रुबेलाची लस घेतलेली आजची मुलगी उद्या आई होईल, तेव्हा तिच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूला, डोळ्यांना आणि कानांना त्या विषाणूपासून धोका राहणार नाही. म्हणजे ज्या लसीचं नाव सीपीच्या कारणांत घेतलं जातं, ती खरं तर सीपी अडवणाऱ्यांच्या रांगेत उभी आहे.

तुमच्या घरात, भावकीत किंवा आळीत असं मूल असेल, तर आज त्याचं कार्ड उघडून पाहा. मधले डोस चुकले असले तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. जिथं थांबली तिथून पुढं द्यायची. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत आणि डीपीटी सात वर्षांपर्यंत देता येते. सात वर्षं उलटली असतील तरी धनुर्वात-घटसर्पाची लस शिल्लक आहेच. आशाताईंना पुढच्या सत्राची तारीख विचारा. मुलाला नेणं जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि आरोग्यसेविकेनं घरी यावं, असं लेखी कळवा.